वाट्यांवरची लाल नावं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नागपूरच्या बहिणीला नाही. तिला तर मी दुपारी काय जेवले तेसुद्धा फोन करून सांगते. तुला सांगते, कारण तू वृंदाताईंना ओळखत नाहीस. आणि ऐकताना मधेच उठून जाणार नाहीस. की जाशील? बघ बाई.

वृंदाताई माझी थोरली नणंद. जन्म गेला लंडनच्या ईलिंगमध्ये, घर मोठं, इंग्रजी गुळगुळीत. मी लग्न होऊन नुकतीच इथे आले होते तेव्हा त्यांनी मला एका शनिवारी न्यू मॉल्डनला नेलं. तिथे सगळी कोरियन लोकांची दुकानं. फुटपाथवर कोबीचे खोके, लाल तिखटाच्या गोण्या, आणि गर्दी अशी की मला एकदम सीताबर्डी आठवली. एका भांड्यांच्या दुकानात झाकणाच्या स्टीलच्या वाट्या होत्या. कोरियन लोक त्यांत भात वाढतात. एका वाटीला जरासा पोचा होता. मी काय केलं असेल? जे माझ्या आईनं केलं असतं तेच. पोचा दाखवला आणि विचारलं, लास्ट प्राइस?

चूक होती का ती? तू सांग. शेजारच्या कोरियन बायका त्यांच्या भाषेत तेच तर करत होत्या, हातवारे करकरून! पण ताईंनी माझं कोपर धरलं आणि दुकानदारीणबाईंना म्हणाल्या, "सॉरी, शी इज न्यू हिअर." आणि मला बाहेर काढलं. लहान पोरानं भर मांडवात शू केल्यासारखं.

तेही मी गिळलं असतं. पण ताईंनी त्याची गोष्ट केली. गणपतीला, दिवाळीला, कोणाच्याही बर्थडेला. पाहुणे जमले की त्या पदर खोचायच्या, मान वाकडी करायच्या आणि माझा आवाज काढायच्या. "आमची मेघा! इन फ्रंट ऑफ एव्हरीवन! ओ मॅडम, लास्ट प्राइस बोला, लास्ट प्राइस!" सगळे हसायचे. माझा नवरासुद्धा. मीही हसायचे, आणि किचनमध्ये जाऊन नळ सोडून उभी राहायचे. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका मला पाठीमागे 'लास्ट प्राइस' म्हणतात, हे मला कळायला वर्षं गेली. किती वर्षं हसायचं माणसानं?

मी मात्र त्या दुकानात परत गेले. एकटी. मालकीणबाई, मिसेस यून, मला पाहून हसल्या आणि तीच पोचा आलेली वाटी पुढे ठेवली. मग आमची जी घासाघीस झाली! त्यांनी कपाळाला हात लावला, मी दारापर्यंत गेले, त्यांनी परत बोलावलं. भाव थोडाच उतरला, पण वर एक छोटी चाळणी पिशवीत पडली. "सर्व्हिस," त्या म्हणाल्या. वर जे फुकट देतात त्याला कोरियन लोक सर्व्हिस म्हणतात. आपण नाही का भाजी तोलून झाली की म्हणत, वर चार मिरच्या घाला? या देशात मला तेवढं एकच माणूस भेटलं ज्याच्याशी मला भांडता येत होतं. मी दर शनिवारी जायला लागले.

आता ऐक. मुद्दा टाळतेय मी, मला कळतंय.

एका दिवाळीला मी मिसेस यूनना फराळाचा डबा नेला. दुकानातच, गल्ल्यावरचं लाल पेन उचलून डब्यावर त्यांचं नाव लिहायला लागले. त्यांनी माझ्या हातातून पेन हिसकावलं. झाकणावरचा कागद टराटरा फाडला. मग माझा चेहरा पाहून नरमल्या आणि मोडक्या इंग्रजीत समजावलं की लाल रंगात नाव लिहितात ते मेलेल्या माणसाचं. जिवंत माणसाचं लिहिलं तर त्याचं मरण चिंतल्यासारखं. तरुण पोरं मानत नाहीत, म्हणाल्या, पण म्हाताऱ्यांचा जीव घाबरतो.

म्हणजे मला ठाऊक होतं. हे लक्षात ठेव. मला नीट, समजावून सांगितलेलं ठाऊक होतं.

ताईंची मुलगी ईशा. मला 'मामी' म्हणत मागे मागे फिरायची, माझ्या हातचं पिठलं मागून खायची. ब्रिस्टलला शिकायला गेली आणि तिथे तिनं एक मुलगा पसंत केला. कोरियन. घर न्यू मॉल्डनला! ताईंना आधी घाम फुटला, मग अभिमान वाटला, आणि मग त्यांना माझी आठवण झाली. "मेघा, तू तर त्यांच्यातलीच झालीस गं," म्हणाल्या. पहिल्यांदा त्यांना माझी गरज पडली होती.

साखरपुड्याला मुलाकडच्या थोरल्यांना आहेर काय द्यायचा? ताईंनीच सुचवलं, त्या झाकणाच्या वाट्या. प्रत्येकीवर ज्याचं त्याचं नाव, त्यांच्या लिपीत, आत बेसनाचे लाडू. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतातच की. ईशा त्यांची लिपी शिकत होती, ती नावं कागदावर काढून देणार, ताई रंगवणार. मुलालाही सांगायचं नाही, सरप्राइज. वाट्या आणायच्या मी. कारण भाव कोण करणार?

मी केला. तसा भाव मी आयुष्यात केला नाही. मिसेस यूननी विचारलं, कशासाठी एवढ्या? मी म्हटलं, भाचीचा साखरपुडा. वाट्या रंगवणार हे बोलले नाही. त्यांनी आतून एक चमचा आणि चॉपस्टिक्सची जोडी आणली, चमच्याच्या टोकावर कमळ कोरलेलं. "सर्व्हिस. फॉर ब्राइड." मी थँक्यू म्हटलं.

दोन दिवसांनी ताईंचा फोन. "मेघा, कन्फ्यूज झालेय गं. नावं रेडमध्ये करू की गोल्डन? तुला काय वाटतं? देअर कल्चर वगैरे?"

मी गप्प राहिले. किती वेळ? एक श्वास घेण्याइतका. त्या एका श्वासात मला नळाचं पाणी ऐकू आलं बघ. सगळं हसणं ऐकू आलं.

"लालच करा ताई," मी म्हटलं. "कुंकवाचा रंग. शुभ."

मी नुसती गप्प बसले नाही. मी सांगितलं.

मुलाची आजी आजारी आहे, हॉस्पिटलमधून नुकतीच घरी आली आहे, हेही मला ठाऊक होतं. ईशानंच सांगितलं होतं. आणि तरी हॉलमध्ये मी जागा धरली ती अशी, की आजींचा चेहरा समोर दिसावा. पैठणी नेसले होते मी. गजरा माळला होता.

ताई वाकून पाया पडल्या आणि त्यांनी वाटी आजींच्या मांडीवर ठेवली. आजींनी हसत नाव वाचलं. मग त्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, रंग निघतो का बघावं तसा. हसू तसंच राहिलं होतं, फक्त त्याच्यामागे कोणी नव्हतं. मुलाच्या आईनं ती वाटी उचलून उलटी फिरवली, नाव आपल्या पोटाकडे केलं. एका काकूनं भराभर बाकीच्या गोळा करून पिशवीत भरल्या. कोणी ओरडलं नाही. आजींना बरं वाटत नाहीये, म्हणाले, आणि जेवणाआधी उठले. ताई दारात उभ्या, हातात लाडवांचं ताट, आणि तोंडावर जे होतं त्याची मी किती वर्षं वाट पाहत होते!

आणि मला गार वाटलं. खोटं कशाला सांगू? पोटभर जेवले मी त्या दिवशी.

ईशाला रात्री मुलानं फोनवर सांगितलं काय झालं ते. त्याच हिवाळ्यात आजी गेल्या. त्यांचं हृदय आधीच थकलेलं होतं, डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं होतं. पण मुलाच्या आईला हे कोण पटवणार? लग्न झालं कौन्सिलच्या ऑफिसात, त्या आल्या नाहीत. ईशा त्या घरी सणाला जाते तेव्हा सासूबाई तिला वाढतात, पण तिनं आणलेलं काही उघडत नाहीत. पोरगी वाळली आहे. मला म्हणते, "मामी, ती लेटर्स मीच काढली होती ना. माझाच हात होता त्याच्यात."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवते.

ताईंनी ती गोष्ट सांगणं बंद केलं. माझा आवाज काढत नाहीत, कोणाचाच काढत नाहीत. मागे एकदा माझ्या किचनमध्ये, चहा गार होईपर्यंत बसल्या होत्या, आणि हळूच म्हणाल्या, "तू तिथे एवढी जातेस, तुला ठाऊक नव्हतं ना गं?"

संशय नव्हता आवाजात. फक्त विचारत होत्या.

"नाही हो ताई," मी म्हटलं. आणि त्यांना दुसरा चहा करून दिला.

तो कमळाचा चमचा आणि चॉपस्टिक्स मी ईशाला कधी दिल्याच नाहीत. चॉपस्टिक्स ड्रॉवरमध्ये मागे आहेत. चमच्याला पकड चांगली आहे, वरण-भाताला बरा पडतो. मी रोज त्यानंच जेवते.