रेंजमधल्या माश्या

घरात पहिला स्मार्टफोन वहिनींच्या हातात आला आणि तेव्हापासून त्या स्वतःला इंजिनिअर समजू लागल्या. हे त्या स्वतःच सांगायच्या आणि ऐकणाऱ्याआधी स्वतःच हसायच्या. कुणाचं बिल भर, कुणाचा फोटो पाठव, एवढ्या भांडवलावर त्यांनी गावभर भाव खाल्ला होता.

वहिनी मधाचं संकलन केंद्र चालवायच्या. केंद्र म्हणजे घराची पुढची खोली. तिथे वजनकाटा, गाळायची फडकी, स्टीलच्या टाक्या आणि हात लावाल तिथे चिकटपणा. धाकटे दीर आणि आसपासचे मधपाळ रानाच्या कडेला पेट्या ठेवत, फुलोरा सरकला की पेट्याही सरकवत आणि मध वहिनींकडे आणत. यंदा परदेशातल्या एका कंपनीने सगळा मध घ्यायचं कबूल केलं. अट एकच, मध कुठल्या पेटीतून आला हे गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे, म्हणून प्रत्येक पेटीचा फोटो ॲपवर टाकायचा. वहिनींना हा डाव्या हातचा मळ वाटला.

रानात रेंज नव्हती. वहिनींनी शक्कल लढवली. दिवसभर हिंडून फोटो काढायचे आणि घरी येऊन गच्चीवर, टाकीशेजारी स्टुलावर चढून पाठवून द्यायचे. फोन उंच धरून उभ्या असलेल्या सुनेला सासूबाईंनी विचारलं, कबुतरं हाकलतेस का. वहिनींनी तोऱ्यात सांगितलं की अपलोड चाललंय.

ॲपला फोटो कुठे काढला याच्याशी कर्तव्य नव्हतं, तो कुठून पाठवला एवढंच ते बघत होतं. कंपनीच्या लेखी सगळ्या मधपाळांच्या सगळ्या पेट्या वहिनींच्या गच्चीवर होत्या. एवढ्याशा गच्चीत इतक्या पेट्या मावणं शक्य नाही, तेव्हा इथे भेसळ होत असणार, असा मेसेज आला आणि ऑर्डर थांबली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे वहिनींच्या शहाणपणाने बाकीच्यांचे बैल रिकामे राहायची वेळ आली. आपल्यामुळे सरळमार्गी माणसं चोर ठरली, हे त्यांना फार लागलं.

त्यांनी कंपनीच्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी अगदी सभ्यपणे सांगितलं की दुरुस्ती ॲपमध्येच होईल, पेटीजवळ उभं राहून, आणि मध काढेपर्यंत दर आठवड्याला. रेंज काही रानात नेता येत नव्हती. मग वहिनींनीच पुन्हा डोकं चालवलं, पेट्याच रेंजमध्ये आणायच्या. हमरस्त्याच्या कडेला, टॉवरच्या आसपास, एकमेकींपासून लांब लांब. दिरांनी डोकं खाजवलं. फुलांमागे पेट्या नेणं वाडवडिलांपासून चालत आलं होतं, टॉवरमागे नेणं नवीन होतं. पण वहिनींच्या शब्दाबाहेर ते नव्हते. दिवेलागणीला माश्या पेटीत परतल्या, तशी दारं लावून त्यांनी पेट्या हलवल्या.

फोटो झकास जाऊ लागले. रस्त्याकडेला धूळ होती, ट्रक होते, फूल मात्र औषधालाही नव्हतं. माश्या उपाशी मरतील म्हणून दिरांनी पेट्यांमध्ये साखरेचं पाणी ठेवलं आणि माश्यांनी त्याचाच मध केला.

ॲपवर सगळं हिरवंगार झालं. कंपनीने वहिनींचं अभिनंदन केलं, ही पद्धत इतर केंद्रांनाही शिकवा म्हणून गळ घातली. वहिनी हुरळल्या. मग त्यांनी नवा मध बोटावर घेऊन चाखला. नुसता गोड. रानाचा त्यात मागमूस नव्हता. त्यांनी फोन उचलला.

"साहेब, हा मध घेऊ नका. हा साखरेचा आहे."

साहेबांनी बहुधा स्क्रीन बघितली असावी. "पण मॅडम, आमच्याकडे तर सगळं बरोबर दिसतंय."

एरवी वहिनींनी हा किस्सा गावभर रंगवून सांगितला असता. आज त्यांना हसू आलं नाही. त्यांनी स्वतःच ऑर्डर रद्द करायला सांगितली आणि दिवस मावळता मावळता तडक रस्त्यावर गेल्या. सगळ्यांच्या वर्षभराच्या कमाईवर आपण पाणी सोडलंय, हे त्यांनी दिरांना एका दमात सांगून टाकलं.

दिरांनी हातातलं साखरपाण्याचं भांडं रस्त्याकडेला रिकामं केलं.

"मग वहिनी, पेट्या आजच रानात नेऊ या का?"

वहिनींनी पेटीची दुसरी बाजू धरली.