तीन बोटांचं पान

माझी आत्या शिवणकाम करायची ते आमच्या जिन्याखाली. मशीन, स्टूल आणि ती एवढं मावलं की कात्रीलासुद्धा परवानगी काढून आत यावं लागे. डोक्यावर बाटलीतला मनीप्लांट लोंबकळायचा. पानं जेमतेम तीन बोटं रुंद. आत्याही तशीच, बारीक अंगाची, बारीक आवाजाची. तिचा पिंडच तसा, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

तिच्या कापडवाल्या मैत्रिणीने आपलं अर्धं दुकान तिला देऊ केलं होतं. आत्या म्हणायची, "मला नाही गं झेपायचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत." बाबा लगेच मान डोलवायचे. घरबसल्या पडदे नि उशांचे अभ्रे शिवून मिळत होते, का नाही डोलवणार!

मग एकदा ती मागच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे गेली. आपल्या वेलाची फांदी तिनेच त्याला दिली होती. त्याने ती दुकानामागच्या झाडाशी लावली, आणि वेल बुंध्याला धरून सरसर वर चढला होता. एकेक पान सुपाएवढं! आत्याने गळ्यातली टेप काढून मोजलं.

"भाऊ, हा माझा वेल नाही. तुम्ही तो बदललात."

"ताई, आईशप्पथ तुमचाच आहे. खाली माती, वर उजेड, चढायला खोड. आणखी काय लागतं त्याला? पटत नसेल तर यातलीच फांदी न्या आणि लावा तुमच्या जिन्याखाली. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

आत्या हट्टाला पेटली. फांदी बाटलीत आली आणि रोज टेप लागू लागली. पहिलं नवं पान तळहाताएवढं आलं, दुसरं त्याहून लहान. चार महिन्यांनी आलेलं पान भरलं तीन बोटं. त्या दिवशी तिने टेप गुंडाळून ठेवली. मग मला म्हणाली, "चल, मशीनची एक बाजू धर."

बाबा दारात आडवे आले. "इथे काय कमी होतं गं तुला?"

"कमी काहीच नव्हतं, दादा. डोक्यावर जिना होता."

बाबा बाजूला झाले. मला मात्र माझीच लाज वाटली. इतकी वर्षं त्याच जिन्यावरून मी धडधडत वर-खाली करत होते.

दोन महिन्यांनी मी तिच्या दुकानात गेले आणि पायरीवरच थबकले. आत कुणी बाई गिऱ्हाइकाला खणखणीत आवाजात झापत होती, "माप बरोबरच आहे! पोट तुमचं वाढलंय!"

ही आपली आत्या नव्हेच, असं वाटून मी पाटी पुन्हा वाचली.