धाकट्यानं ताणलेली मेमरी

माझा धाकटा भाऊ एक नंबरचा हट्टी. लातुरात आमचं लग्नाच्या व्हिडिओचं काम; शूटिंग मी करायचो, कॉम्प्युटर त्याचा. मेमरीचा वेग ठरलेल्यापेक्षा वर न्यायचा आणि उत्तर द्यायला तिला लागणारा उशीर कमी करायचा, हे त्याचं वेड. आकडा बदलायचा, चाचणी लावायची, चूक दिसली की थोडं मागं यायचं. मी म्हणायचो, "चाललंय ते चालू दे की गाढवा!" पण ऐकंल तर शपथ.

उन्हाळ्यात हा गडी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून कूलर थेट त्यावर लावायचा. नळाला पाणी कधी येईल पत्ता नाही, आणि हा आंघोळीची बादली कूलरात ओतायचा. माय ओरडायची, "माणसं पारोशी अन् डब्याला गार वारं!" त्याच वाऱ्यात त्याची चाचणी पास झाली. वाऱ्याशिवाय काय होईल, ते त्यानं पाहिलंच नाही.

इतकी ताणलेली मेमरी एका दमात उठत नसे. बटण दाबलं की टक्, पंखा फिरायचा, थांबायचा, परत टक्. दोन-तीनदा असं झालं की पडदा उजळायचा. तो आवाज आला की माय सैपाकघरात चहा ठेवायची. पोरगा कामाला बसला, एवढं तिला कळायचं.

मागच्या साली तो नवी मेमरी आणायला नांदेडला गेला. येताना लोह्याजवळ ट्रकनं उडवलं. खिशातल्या मेमरीच्या पट्टीला ओरखडाही नव्हता. लई राग येतो मला त्या पट्टीचा, अजून.

मग बटण मी दाबायला लागलो. टक्, शांत, टक्. आणि आतून चहा यायचा, साखर डब्बल, त्याला लागायची तशी. माय कप ठेवून जायची. अंगावर काटा यायचा माझ्या. तसाच प्यायचो.

ऊन तापलं. कूलर लावायचं कुणाच्या मनातच येईना. दुपारी कॉम्प्युटर अडकायला लागला. चाकूरच्या एका लग्नात नेमक्या अक्षता पडताना नवरीच्या तोंडावर हिरवे चौकोन. गिऱ्हाईक भडकलं. शेवटी त्याचे आकडे मशीनमध्येच बाजूला जपून ठेवले आणि मेमरी मूळ वेगावर आणली. एका दमात सुरू झाली. व्हिडिओ धड निघाला.

चहा काही आला नाही.

आत गेलो तर माय रिकामं पातेलं धरून गॅसपुढं उभी. "आज बसला न्हाई का?"

"माय, अगं मी बसलोय की."

"ठावं हाय रे मला, तो न्हाई ते. येडी न्हाई झाले मी. पण तो आवाज येतो ना, तेवढा येळ पोरगा घरात असतो."

मला रडू आवरेना. चाकूरचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतला आणि त्याचे आकडे परत चढवले. टक्. शांत. टक्. आत गॅस पेटला.

दुसऱ्या दिवशी आंघोळीची बादली उचलून कूलरात ओतली. आतून माय ओरडली, "माणसं पारोशी अन् डब्याला गार वारं!"

कुणावर ओरडली, ते मी विचारलं नाही.