एलएमजीला लावलेलं करडईचं तेल

आमची पोस्ट सरहद्दीवर, डोंगराच्या सोंडेवर होती. खाली नाला, पलीकडं दुसरा डोंगर. डिसेंबरात वाट बंद व्हायची ती मार्चात उघडायची. मी तवा नायक होतो, सेक्शनच्या एलएमजीवर नंबर एक. एलएमजी म्हणजे हलकी मशीनगन. नंबर एक ती चालवतो. नंबर दोन शेजारी पडून गोळ्या भरलेली मॅगझीन देतो आणि डावी बाजू बघतो. माझा नंबर दोन होता लान्स नायक बळीराम, जळकोटचा. मी मुखेडचा. गावं जवळजवळ, पण जिल्हे दोन, त्यामुळं रोज भांडण. तो म्हणायचा, नांदेडवाल्यांच्या उशाला गोदावरी आणि डोकं कोरडं. मी म्हणायचो, तुमचं जळकोट तालुका झालं खरं, पण एसटी अजून उदगीरला विचारूनच थांबते. बाकीच्यांना यातलं काही कळायचं नाही. आम्ही दोघंच हसायचो.

मी सातवी शिकलोय. सजवून लिहिता येत नाही. जसं झालं तसं लिहितो.

पोस्टवर उजाडायच्या आधी स्टँड-टू व्हायचं. म्हणजे सगळ्यांनी हत्यारासकट आपापल्या जागी उभं राहायचं. उजाडलं की चहा, चहानंतर हत्यार सफाई. एक हत्यार उघडलं की शेजारचं भरलेलं पाहिजे, हा नियम. नळीत पुलथ्रू सोडायचा, म्हणजे वजन बांधलेली दोरी. तिला चिंदी लावून ओढायची. चिंदी काळी निघाली की दुसरी, ती पांढरी निघेपर्यंत. मग थंडीचं पातळ तेल, बोटाला लागेल इतकंच. थंडीत जाड तेल खिरीसारखं होतं आणि हत्यार सुस्तावतं.

त्या साली जानेवारीत आमचा तेलाचा डबा तळाला गेला. प्लाटून हवालदार म्हणाले, खालच्या पोस्टवर नवीन डबा आलाय, ऊन आहे तोवर कोणीतरी जाऊन आणा. हत्यार माझं, म्हणून मीच जायला पाहिजे होतं. उतरून परत चढायला अख्खा दिवस जायचा, कमरेइतक्या बर्फातून. मी म्हणालो, उद्या जातो. दुसऱ्या दिवशी बर्फ पडायला लागला.

बंकरात पोरांच्या खोबरेल तेलाच्या बाटल्या होत्या, त्यांचा दगड झालेला. माझ्या फळीवर करडईच्या तेलाची बाटली होती. माझी बायको सरूबाई, तिनं सुट्टीवरून निघताना बांधून दिलेली. घरची करडई, घाण्यावरून काढून आणलेलं तेल. चटणीवर घालून खायला आणि फुटलेल्या टाचांना लावायला. ते पाण्यासारखं पातळ होतं. बळीरामानं बाटली हलवून दाखवली.

"दादा, वहिनीचं तेल गोठलं न्हाई बघ."

"आन इकडं."

"बंदुकीला लावतुस का?"

"आन म्हणलं ना."

मी ते आतल्या सरकत्या भागांना, बोल्टला आणि पिस्टनला, लावलं. कॉकिंग हँडल ओढलं तर लोण्यातून सुरी गेल्यासारखं आलं. बळीराम म्हणाला, आता फक्त कांदा आणि भाकर पाहिजे. हवालदारांनी विचारलं, तेल आणलं का? मी म्हणालो, काम झालं.

आता एक सांगायला पाहिजे. मी लहान असताना आमच्या विहिरीवर मोट होती. माझा बाप करडईचं तेल काळं होईपर्यंत कढवायचा आणि मोटेच्या चामड्याला चोपडायचा. ते वाळून चिवट साल धरायचं, पाणी आत शिरायचं नाही. डबा धरायला मी असायचो. म्हणजे करडईचं तेल वाळतं, ऊब मिळाली की लवकर वाळतं, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी ते डोक्यात आलं नाही. किंवा आलं असंल आणि खाली जायचा कंटाळा त्याच्यावर बसला असंल. आता मला नक्की सांगता येत नाही.

बंकरात बुखारी जळायची, रॉकेलची शेगडी. बर्फाची कुंद हवा असली की आम्ही एलएमजी आत आणून तिच्याजवळ ठेवायचो. सकाळी पुन्हा करडईचं तेल, जुन्यावर नवीन. असे तीन आठवडे गेले.

त्या दिवशी स्टँड-टू झालं, चहा झाला. धुकं होतं. सातच्या पुढं नाल्याच्या अंगाला दगड घरंगळल्याचा आवाज झाला. रेडिओवर बाजूच्या पोस्टनं सांगितलं, "नाले में हलचल. चार-पाँच. तुम्हारी तरफ आ रहे हैं." हवालदारांनी हात खाली केला, म्हणजे फायर. मी ट्रिगर दाबला. एक गोळी सुटली. दुसरी सुटली नाही.

"स्टॉपेज," मी ओरडलो.

हँडल ओढलं. अर्ध्यात अडकलं. पुन्हा ओढलं. बोल्ट पुढं जाईना. खालून फायर सुरू झाला. एलएमजी बंद म्हणजे नाल्याचं तोंड उघडं. ते वर चढले असते तर सगळ्या पोस्टवर बेतलं असतं. बळीरामानं आपली रायफल उचलली.

"तू खोल. मी दगडाआडून धरतो."

"इथूनच मार."

"माझ्या जागेवरनं नाला दिसत न्हाई, दादा."

आणि तो रांगत डाव्या हाताच्या दगडाकडं गेला. मी कव्हर उघडलं. बोल्टवर लाखेसारखा पिवळा थर होता. बोट लावलं तर चिकटलं. बुखारीचा रॉकेलचा कॅन ओढला आणि सगळं आत ओतलं, चिंदीनं खरवडलं, पुन्हा ओतलं. बाहेर बळीरामाची रायफल वाजत होती. एक, मग थांबून एक. तो गोळ्या मोजून वापरत होता. मग वाजायची थांबली.

बोल्ट सुटला. मी दोन मॅगझीन मारल्या. खाली दोघं पडले, बाकीचे परत गेले. बळीरामाजवळ पोचलो तवा त्याच्या मानेतून रक्त गेलेलं होतं. डोळे उघडे होते. स्ट्रेचर यायच्या आधी गेला. काही बोलला नाही. लोक विचारतात म्हणून सांगतो, काहीच बोलला नाही.

चौकशी झाली. स्टॉपेज का आला, विचारलं. मी खरं सांगितलं. साहेब, खायचं तेल लावलं होतं. लिहिणाऱ्यानं पेन थांबवलं. आमचे सुभेदार साहेब म्हणाले, "लिखो, ठंड की वजह से." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "उसके घर को शहीद चाहिए. तेल नहीं." मला शिक्षा झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं.

एप्रिलमधी सुट्टी मिळाली. जळकोटला गेलो. बळीरामाच्या बायकोला, अनुसयाबाईला, भेटलो. सांगितलं, लई बहादुरीनं गेला. ते खरंच होतं. बाकीचं सांगायला तोंड उघडलं नाही. तिथून मुखेडला घरी आलो. सरूबाईनं ताट वाढलं. ज्वारीची भाकर, कारळाची चटणी, त्यावर करडईचं तेल. वास आला आणि मी ताट भिंतीवर फेकलं.

"ह्याच तेलानं बळीराम मेला."

एवढंच बोललो. कसं, का, ते सांगितलं नाही. तिनं भिंत पुसली. पुन्हा कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. त्यानंतर आमच्या घरात करडईचं तेल आलं नाही. शेतात करडई व्हायची, ती सगळी बाजारात जायची. मला वाटलं, माझ्या रागाला भिऊन.

हवालदार म्हणून निवृत्त झालो. बारा बोरचं लायसन काढलं आणि मुखेडला एका बँकेच्या दारात बसलो. आमच्यासारखे बरेच आहेत. हत्यार आपलं, पगार दारावर उभं राहायचा. तीही नोकरी आता सुटली. पण रविवारी बाजाराला आलेले माजी सैनिक बंदुका घेऊन माझ्या ओट्यावर येतात, कशानं साफ करू विचारतात. हिमायतनगरकडचा एक जण आला. त्याच्या बंदुकीला खोबरेलचा घमघमाट. मी म्हणालो, बंदूक हाय का नवरी? तो म्हणाला, दोघींनाबी तेच लावतो, दोघीबी कुरकुरत्यात.

त्यांना सांगतो ते इथंही लिहितो, कारण घराघरात हत्यारं आहेत आणि बघणारं कोणी नाही. आधी बंदूक उघडा, नळीत बोट घालून रिकामी आहे का बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, नातवंडं असतील तर कुलपात. सळई लाकडाची नाहीतर पितळेची घ्या. बांधकामाची लोखंडी सळई घालू नका, नळीवर चरे पडतात. ब्रश पितळी तारेचा, मागून पुढं. चिंदी जुन्या धोतराची चांगली. बायकोच्या नायलॉनच्या साडीची नको, ती मळ ओढत नाही. रॉकेलनं धुतलं तर चालतं, पण नंतर कोरडं पुसा, तसंच ठेवलं तर गंज धरतो. तेल बंदुकीचंच घ्या. ते मिळंना तर शिलाई मशीनचं पातळ तेल परवडलं. दोन थेंब लावायचे आणि त्यातला दीड पुसून टाकायचा. मोटरसायकलचं जळकं ऑईल नको. आणि स्वयंपाकघरातलं कोणतंच तेल नको. इथं आलो की मी थांबतो. कोणी विचारतं, का हो हवालदार? मी म्हणतो, नको म्हणलं ना.

सरूबाई मागच्या उन्हाळ्यात गेली. साखरेची बिमारी होती, मग किडनी गेली. लातूरला नेलं, परत आणलं, घरीच गेली. तेराव्याला जळकोटहून अनुसयाबाई आली. आता म्हातारी झाली, पोराच्या हाताला धरून चालते. सरूबाई दर वर्षी संक्रांतीनंतर जळकोटला जाऊन यायची, हे मला माहीत होतं. शहिदाच्या बायकोची विचारपूस, असं समजून मी एसटीत बसवून द्यायचो. अनुसयाबाई माझ्यासमोर बसली आणि म्हणाली,

"भाऊ, मला एक सांगून ठिवायचं हाय. पहिल्या वर्षी आली तवा सरूबाईनं माझे पाय धरले. म्हनली, माझ्या हातचं तेल खराब निघालं, तुझं कुंकू माझ्यामुळं पुसलं."

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला. ती म्हणाली, "मी तिला माफ केलं न्हाई. लई वर्सं न्हाई केलं. च्या द्यायची, बोलायची न्हाई. तरी यायची. मुक्कामाला राहून सकाळी माझ्या दारात सडा घालायची, तिकडंबी मी बघायची न्हाई. मागच्या संक्रांतीला म्हनलं, जाऊ दे बाई, पुरं झालं. तवा लई रडली."

घरात पाहुणे होते. मी वाढायला उठलो. ती तेराव्याचं जेवून निघून गेली. जाताना म्हणाली, तेल वाईट निघालं त्याला ती तरी काय करंल.

पण तेल वाईट नव्हतं. सरूबाईनं बिया स्वतः पाखडल्या होत्या, घाण्यापाशी उभं राहून तेल काढून आणलं होतं. तिनं ते मला खायला दिलं होतं. आणि जळकोटमधल्या एका घरात ती खराब तेलाची बाई म्हणून राहिली. मला झोप लागेना. मेलेल्या माणसावर असा आळ ठेवून मला मरता येणार नव्हतं.

पंधरा दिवसांनी दोन पत्र्याचे तुकडे घेतले. एकाला बंदुकीचं तेल लावलं, एकाला घाण्यावरून आणलेलं ताजं करडईचं. महिनाभर चुलीच्या उबेला ठेवले. मग कागदात गुंडाळून सकाळच्या एसटीनं जळकोटला गेलो. अनुसयाबाई ओसरीत तूर निवडत होती. दोन्ही तुकडे तिच्यासमोर ठेवले, म्हणालो, बोट लावून बघा. एकावरून बोट सरकलं. दुसऱ्यावर चिकटलं.

"हे ताजं तेल हाय," मी म्हणालो. "खायला एक नंबर. लोखंडाला लावायचं नसतं. मला ठाऊक व्हतं. चांगलं तेल आणायला खाली जायचं व्हतं, मी गेलो न्हाई. सरूच्या तेलात खोट नव्हती. माझ्या हातात व्हती."

तिनं बोट पदराला पुसलं. ते निघेना म्हणून पुन्हा पुसलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी तयारीनंच गेलो होतो. तिनं तुरीचं सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं,

"हे तिला सांगितलं व्हतं का?"

"न्हाई."

"मग मला कशाला सांगून राहिला, भाऊ? तिला सांगायचं व्हतं. एकाच घरात व्हता की तुम्ही."

मी पत्र्याचे तुकडे पुन्हा कागदात गुंडाळले. तिनं चहा केला. मी कप तोंडाला लावला तवा ती म्हणाली, तिला मी असाच च्या द्यायची, न बोलता.

परत येताना बळीरामाच्या स्मारकाच्या दगडापाशी थांबलो. शाळेसमोर आहे. चुना दिलेला असतो, सव्वीस जानेवारीचा हार वाळून तसाच होता. पाय जुळवले, सॅल्यूट केला. पलटणीत गेलेल्यांची नावं घेतात तशी नावं मोठ्यानं घेतली. शाळेतली पोरं बघत होती, बघू दिलं.

लान्स नायक बळीराम. एलएमजी, नंबर दोन. आपली जागा सोडून माझ्यासाठी गेला.

सरूबाई. मुखेड. माझी बायको. तिनं उभ्या जन्मात बंदुकीला हात लावला नव्हता.