बर्गनच्या धक्क्यावर

ओस्लोहून रेल्वेने बर्गनला उतरलो, तेव्हा पुढच्या बोटीला तीन तास होते. समुद्र खवळला होता. लाटा आदळल्या की बंदराच्या धक्क्याचा दगड पायाखाली हादरायचा. माझे यजमान फोटो काढायला पार कडेला गेले. मी हाका मारत होते, पण वारा शब्द तोंडातच कोंबत होता.

तेवढ्यात मासे विकणारी एक धिप्पाड बाई धावत आली. तिने ह्यांची कॉलर धरून मागे खेचलं. खाली पडलेला कॅमेरा घ्यायला हे पुन्हा पुढे झेपावले, तशी तिने सणसणीत थोबाडीत दिली. हे धडपडत मागे पडले आणि त्याच क्षणी कडेवर भिंतीएवढी लाट कोसळली. कॅमेरा गेला. लोखंडी कठडा वाकला.

"मरायचंय का?" ती इंग्रजीत ओरडली. तिने ह्यांना उठवून कडेपासून लांब नेलं.

ह्यांच्या ओठातून रक्त येत होतं. इतकी वर्षं मी ह्यांना हळूच, जपून सांगत आले. माया मऊच असते असं मला वाटायचं. मी तिचे खारट, गार हात धरून रडले.

हे ओठ पुसत म्हणाले, "तिला सांग, अजून एक मारली तरी चालेल."