आरसेभाऊ कुठल्याच गाडीला हो म्हणत नाहीत

आमच्या गल्लीत जुनी गाडी घ्यायची तर आधी पैसे जमवायचे आणि मग आरसेभाऊंना विचारायचं, असा रिवाज होता. पैसे कसेबसे जमायचे. सौदा आरसेभाऊ जमू द्यायचे नाहीत.

हे गृहस्थ दातांच्या दवाखान्यात मदतनीस. रुग्णाच्या तोंडात घालतात तो लांब दांडीचा चिमुकला आरसा कायम त्यांच्या खिशात. तो गाडीच्या पोटाखाली सरकवून ते गंज शोधत, म्हणून हे नाव पडलं. स्वतःची गाडी नाही, चालवता येत नाही. पण जन्मभर दुसऱ्यांच्या जबड्यांत डोकावलेला माणूस. कुठेही वाकला की त्याला कीड दिसायचीच.

बरं, तपासणी अगदी पक्की, हे कबूल करायला हवं. आधी बॉनेटवर तळहात ठेवणार. गरम लागलं की म्हणणार, "मालकांनी हिला पहाटेच उठवून बसवलंय. आजारी माणूस पाहुणे यायच्या आधी पावडर लावतो, त्यातला प्रकार. थंड असताना चालू करून दाखवा." मग रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवणार, जिथे ते चिकटणार नाही तिथे बोट ठेवून, "इथे पुट्टी भरलीय. दात नाही, सिमेंट आहे." मीटरवर आकडा छोटा आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं दिसलं, की संपलंच. "गाडी म्हणते मी घराबाहेर पडले नाही. पॅडल म्हणतं, हिचा एक पाय घरात नव्हता."

आणि शेवटी निकाल, "नापास."

आजवर एकही गाडी पास नाही. यातली गोम मला फार उशिरा कळली. हो म्हणणाऱ्याला उद्या लोक जाब विचारतात. नाही म्हणणाऱ्याला कोण विचारणार? जी गाडी घेतलीच नाही ती बंद कशी पडेल! या एका युक्तीवर आरसेभाऊंनी गल्लीत ऋषीची पदवी मिळवली होती.

त्यांच्या घरी मात्र वहिनी होत्या. गुडघे दुखरे. थोरली बहीण टेकडीवरच्या वस्तीत अंथरुणाला खिळलेली, आणि बस टेकडीच्या पायथ्याशीच थांबायची. वहिनी अर्ध्या चढावर दगडावर बसून घ्यायच्या आणि कधीकधी तिथूनच परत यायच्या. इतकी वर्षं म्हणत होत्या, "अहो, एखादी जुनी गाडी बघा की." अहो बघायचे. नुसते बघायचेच.

आता आमच्या गल्लीतल्या औषधांच्या दुकानदाराकडे येऊ. मागे कधीतरी यांनी एक जुनी गाडी घेतली आणि कौतुकाच्या चार शब्दांच्या आशेनं आरसेभाऊंना बोलावलं. घेऊन झालेल्या गाडीला माणूस काय म्हणेल? आरसेभाऊ भर गल्लीत म्हणाले, "उजवीकडून मार खाल्लाय, दरवाजा बदललाय. नापास." त्या दिवसापासून दुकानदारानं त्यांना खोकल्याचं औषधसुद्धा हसून दिलं नाही.

परवा दुकानदाराला मुलानं नवी गाडी घेऊन दिली, तशी ही जुनी विकायला निघाली. वहिनींनी मागितली. दुकानदारानं किंमत वाजवी सांगितली, पण अट घातली.

"भाऊंनी हिला चारचौघांत नापास केलं होतं. आता चारचौघांतच चांगली म्हणायचं. नाहीतर भंगारात देईन, पण तुम्हाला देणार नाही."

रविवारी सकाळी अख्खी गल्ली गोळा झाली. मीही गेलो, अशा ठिकाणी मी वेळेवर असतो. आरसेभाऊंनी तळहात ठेवला, चुंबक फिरवलं, आरसा घालून पाहिलं. उठले ते गुडघे झटकत.

"गंज वाढलाय. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"बोला, चांगली आहे की नाही?" दुकानदार हाताची घडी घालून उभे.

तेवढ्यात वहिनी दार उघडून आत बसल्या.

"अगं, ती ड्रायव्हरची सीट!"

"माहितीये," वहिनी म्हणाल्या. गाडी चालू केली, कोपऱ्यापर्यंत नेली, वळवली, आणि दोन स्कूटरींच्या मधून उलटी आणून होती तिथे लावली.

आरसेभाऊंनी गल्लीकडे पाहिलं. गल्ली आभाळाकडे पाहू लागली. दुकानदारीणबाई वहिनींना याच गाडीवर शिकवत होत्या हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

"कधी शिकलीस?"

"तुम्ही लोकांच्या गाड्या बघायला जायचात ना, तेव्हा."

मग काच खाली करून वहिनींनी सुनावलं. "थंडीत दुसरा गियर अडतो; क्लच सोडून पुन्हा दाबला की पडतो. चढावर एसी बंद करावा लागतो, नाहीतर धापा टाकते. मागचा एक दरवाजा आतून उघडत नाही. ब्रेक मात्र म्हणाल तिथे लागतात. कागद बघितलेत, विमा चालू आहे, कर्ज नाही. क्लच आणि टायरसाठी चार पैसे मागे ठेवलेत. आता तुम्ही गंज सांगितलात, तोही बघून घेईन. जुनी गाडी म्हटली की खोड असणारच. आपल्याला कुठली सोसवते तेवढं बघायचं. निर्दोषच हवं म्हणून अडून बसले असते, तर तुम्ही तरी कुठे मिळाला असतात?"

गल्ली हसली. आरसेभाऊ हसले नाहीत. त्यांनी गाडीकडे पाहिलं, वहिनींच्या गुडघ्यांकडे पाहिलं. ओठ हलले, पण 'चांगली' हा शब्द काही केल्या बाहेर येईना. अक्कलदाढ निघावी तसा चेहरा झाला बिचाऱ्याचा.

"काय म्हणताय, भाऊ?" दुकानदार जवळ सरकले.

आरसेभाऊंनी घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याहून वाईट गाड्या मी पाहिल्यात."

एवढी स्तुती त्यांच्या तोंडून कुणीच कधी ऐकली नव्हती. दुकानदाराचे डोळे चक्क पाणावले. किल्लीचा दुसरा जोड खिडकीतून वहिनींच्या हातात देत ते पुटपुटले, "अहो भाऊ... एवढं कशाला!"