कानाला लावलेला फोन

वळ गावातल्या आमच्या घरापासून आमच्या गोदामांपर्यंत बाबा रोज सकाळी चालत जायचे. पंधरा मिनिटांची वाट. गेल्या वर्षी त्यांना अर्धा तास लागू लागला आणि मला संशय आला, की वाटेत जिलेबी चालली आहे. डायबिटीस होऊन नऊ वर्षं झाली होती. जिलेबीसाठी ते आधीही खोटं बोलले होते.

मी विचारत नाही, बघत राहते. एका सकाळी उभ्या कंटेनरच्या आडोशाने त्यांच्या मागे गेले. पिंपळाशी ते थांबले, फोन कानाला लावला. मग पेट्रोलपंपासमोर थांबले. मग फरसाणवाल्यापुढे, पण तोंड रस्त्याकडे. ओठ हलत नव्हते. दर वेळी साधारण तेवढ्याच अंतरावर थांबायचे आणि वाकून डावी पोटरी चोळायचे. मी त्यांचा नंबर लावला. कानाशी धरलेला फोन वाजला आणि ते दचकले.

मला पाहून म्हणाले, "पाळत ठेवतेस का गो बापावर?"

"पाय दुखतो ना?"

"चाललं का पोटरी आवळते, थांबलं का जाते. काय न्हाय ते."

त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाबांच्या डाव्या पावलावर दोन बोटं ठेवली आणि नाडी शोधत बराच वेळ उचलली नाहीत. मग विचारलं, कोलेस्टेरॉलची गोळी घेता ना?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "रिपोर्ट हिनंच वाचला. नॉर्मल हाय बोलली. मग बंद केली."

घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटी, म्हणून प्रत्येक कागद माझ्याकडे येतो. तो रिपोर्ट मी जेवताना वाचला होता. आकडा शेजारी छापलेल्या मर्यादेत होता, एवढंच पाहिलं होतं.

डॉक्टर म्हणाले, ती मर्यादा सगळ्यांसाठी असते, डायबिटीस असलेल्याला तेवढ्यावर भागत नाही. आणि आकडा मर्यादेत बसला होता तो गोळीमुळेच. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बिघडतं. शरीरात ऑक्सिडेशन वाढतं, कोलेस्टेरॉल खवट झालेल्या तेलासारखं खराब होतं आणि भिंतीत साठत जातं. चालताना पोटरीला जास्त रक्त लागतं, तेव्हा वाहिनी रुंद व्हायला हवी. बाबांची होत नव्हती. पायाला साधी जखम झाली तरी ती सहज भरणार नाही, पाय गमवायची वेळ येऊ शकते. गोळी पुन्हा सुरू करायची, साखर सांभाळायची. चालणं मात्र सोडायचं नाही. दुखलं की थांबायचं, मग पुढे.

तेव्हापासून मी सोबत जाते. पहिल्या दिवशी पिंपळाशी त्यांचा हात खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला. "थांब गो जरा," म्हणाले. आम्ही उघडपणे थांबलो.

परवा पिंपळ मागे पडला, तरी ते चालतच राहिले. मी त्यांच्या डाव्या पायाकडे बघत होते.

"खरंच न्हाय दुखत," ते म्हणाले.

मी मान हलवली, आणि पंप येईपर्यंत बघत राहिले.